तिसऱ्या दिवसाचं पाणी

पा आता किनाऱ्यावर येत नाहीत.
गुडघे गेले, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला,
तरी वारा वायव्येला वळला की
खाटेवरूनच म्हणतात, "फ्रान्सिना, काटा बघ."
भिंतीवरचा पितळी काटा
एका रात्रीत वीस घरं उतरलेला.
"म्हणजे समुद्र वीतभर वर आला.
हवेनं ओझं उचललं, की पाणी पाठ ताठ करतं."

त्यात पौर्णिमा. त्यात उधाण.
पहाटेची भरती होड्यांच्या उतरणीवरून
थेट योसेफीनच्या कोबीच्या वाफ्यात शिरली.
मग सुकती लागली, पण नावाला.
पाणी परतायला निघालं
आणि वाऱ्यानं त्याला उंबऱ्यातच धरून ठेवलं,
निघालेल्या पाहुण्याची बाही धरावी तसं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला.
केपटाऊनहून दोन गाड्या आल्या,
टपावर लांबच लांब गळकाठ्या.
आभाळ धुतलेलं. माणसं म्हणाली, वादळ संपलं.

आमच्याकडचं संपलं होतं.
पण खाली दक्षिणेला, जिथे जमीनच नाही,
तिथल्या कुठल्याशा वादळानं सोडलेल्या लाटा
अजून वाटेतच होत्या.
चार दिवसांची चाल. फेस नाही, गाजावाजा नाही,
पाण्याखालून सरकत येणारी
नुसती एक रुंद पाठ.

मी मोजलं. सोळा.
पुन्हा मोजलं. सोळा.
इथल्या वाऱ्याची लाट सातआठ मोजेपर्यंत येते,
येते आणि आरडाओरडा करून फुटते.
सोळाची लाट दिसत नाही,
ती खडकाजवळ येऊन मग उठून उभी राहते.

मी हाका मारल्या.
एकानं उलट हात हलवला,
त्याला वाटलं, बाई रामराम करतेय.
थोड्या वेळानं त्यांची बादली, थर्मास
आणि एका पायातला गमबूट गेला.
माणसं ठेवली.
समुद्र कधीकधी सुट्टे परत देतो.

पांना सांगितलं. ते हसले नाहीत.
"माझी वरची कवळी अशीच गेली," म्हणाले,
"एकाहत्तर साली. आठवडाही झाला नव्हता."

तिसऱ्या दिवशी वास आला.
मला नंतर, पांना आधी.
"ऊठ. रोईआस लागलंय."
वादळानं कातळावरून खरवडून काढलेल्या
चामड्याच्या पिशव्या, ढिगानं वाळूत,
चाकू घातला की आत लालभडक मांस,
आणि नाकातले केस जळावेत असा दर्प.
माणसाला ओकारी, गॅल्यूनला मेजवानी.
हा काळा मासा निवळ पाण्यात फिरकत नाही.
समुद्रानं कोठार फोडलं,
पांढऱ्या फेसाचा पडदा ओढला,
की मगच तो जेवायला येतो.

शहरातली माणसं लांब फेकत होती,
माशांच्या डोक्यावरून, पार पलीकडे.
मी वीस पावलांवर टाकला गळ,
दोन कातळांमधल्या घळीत,
जिथे पाणी उतू गेलेल्या दुधासारखं.
गॅल्यून ओढत नाही आधी. दार ठोठावतो.
दोनदा.
मग खांद्यापर्यंत हिसका.

कायद्यानं दोन. दोन घेतले.
तिसरा सगळ्यात मोठा होता.
त्याला दोन्ही हातांनी पाण्यात धरला,
कल्ले हलेपर्यंत थांबले,
आणि गुडघ्यावर लाट घेऊन सोडला.
हे मी पांना सांगितलं नाही.

त्यांनी माशांच्या पाठीवरून बोटं फिरवली,
अंगठ्यानं कल्ले उघडून पाहिले, जणू पत्राचं पाकीट.
"घळीतले," म्हणाले. "आणि मोठा कुठाय?"
मी कांदा चिरत राहिले.

रात्री दिवा मालवला. खिडकी उघडीच.
अंधारात त्यांचा पुटपुटणारा आवाज,
मला वाटलं, प्रार्थना म्हणतायत.
चौदा... पंधरा... सोळा...
मग बराच वेळ काहीच नाही.
"अठरा," ते म्हणाले.
"उद्या जायचं नाही,"
आणि कुशीवर वळले.